बाबांचा आवाज आणि वकिलांचं टेबल

कल्याणात माझ्या नकला बऱ्यापैकी गाजलेल्या. हेडमास्तर, देवळातले पुजारी, स्टेशनबाहेरचा टांगेवाला, पिठाच्या गिरणीचा मालक, सगळे माझ्या घशात राहायचे. गिरणीचा पट्टा सुटला की कसा फटाफट वाजतो तोसुद्धा मी तोंडाने काढायचो. एकदा तो ऐकून गिरणीवाला हातातला डबा टाकून आत पळालेला. पण कट्ट्यावर सगळ्यात जास्त मागणी असायची ती माझ्या बाबांना.

बाबा फर्निचरला पॉलिश करायचे. आता ते नाहीत. त्यांचा आवाज मात्र माझ्याकडे राहिलाय, आणि त्याचं काय करायचं ते मला अजून धड कळलेलं नाही.

तो आवाज नाकातून यायचा. वाक्याच्या आधी एक ‘हं’ असायचा. गाडी सुटायच्या आधी डबे एकदा हिसका देतात ना, तसा. मग वाक्य. आणि शेवटी ‘महाराज’. मी महाराज, गिऱ्हाईक महाराज, ओल्या पॉलिशवरून चालत गेलेली मांजर पण महाराज. “हं. पाय उमटले महाराज. आता सही करून जा.”

मी त्यांची नक्कल करतो हे बाबांना माहीत होतं. एकदा मी कट्ट्यावर अगदी रंगात आलेलो, खांदे पाडून, नाक वर ओढून. समोरची पोरं हसायची एकदम बंद झाली. मागे बघतो तर बाबा, हातात पॉलिशचा डबा घेऊन उभे. मला वाटलं आता डोक्यात डबा. पण ते म्हणाले, “हं. ‘खरवडायला’तला ‘ख’ तू टाळूवर काढतोस. तो घशातून काढायचा महाराज.” आणि गेले. पोरं पोट धरून लोळली. मी नंतर आठवडाभर तो ‘ख’ गिरवत बसलेलो.

हा ‘खरवडायला’ शब्द बाबांच्या तोंडात सारखा असायचा, कारण त्यांचं सगळ्या जगाशी भांडणच त्यावरून होतं. जुनी खुर्ची नवी करायची म्हणजे लोकांना वाटतं, आधी जुनं पॉलिश काचेच्या तुकड्याने खरवडून काढा, कोरं लाकूड दिसू दे, मग वर नवं चढवा. बाबा तसं करायचे नाहीत. “हं. खरवडायला काय लागतं महाराज? उंदीर पण खरवडतो. जुनं पॉलिश म्हणजे लाख. ती स्पिरिटने सैल होते. आहे तीच जरा सैल करायची, नि उडाली असेल तिथे सरकवायची. घरात पाहुणा आला की आपण जरा सरकून बसतो की नाही? का भिंत पाडतो?”

त्यांचं काम मी लहानपणापासून बघितलेलं, म्हणजे डबे उचलता उचलता बघितलेलं. आधी कोमट पाण्यात फडकं बुडवून घट्ट पिळायचं आणि अंग पुसायचं, म्हणजे खुर्चीचं. मग टर्पेंटाइनने तेलकटपणा काढायचा. मग कुठेतरी आडोशाला, पायाच्या आतल्या अंगाला, स्पिरिटचं बोट लावून बघायचं. चिकट लागलं की बाबा खूश. “हं. जीव आहे.” मग यायचा बोळा. जुन्या धोतराच्या तुकड्यात कापूस बांधलेला, आत पातळ पॉलिश, म्हणजे स्पिरिटमध्ये विरघळलेला चपडा, लाखेच्या पातळ पापड्या, आणि वरून अळशीच्या तेलाचा थेंब. तो बोळा लाकडावर आठ काढत फिरवायचा. इंग्रजी आठ. बाबांना इंग्रजी येत नव्हतं, पण हा एक आकडा त्यांचा पक्का होता. “मराठी आठ काढलास तर बोळा एका बाजूने बाहेर पडतो नि तिकडेच जातो. इंग्रजी आठ घरी परत येतो महाराज.” आणि काय वाट्टेल ते झालं तरी बोळा थांबवायचा नाही. थांबला की चिकटतो, आणि चिकटला की खालचं जुनं पॉलिश सालीसारखं उचकटून घेऊन येतो.

दारूबंदी आल्यापासून आमच्या घरी स्पिरिट म्हणजे एक प्रकरण होऊन बसलेलं. त्याला परमिट लागायचं. लोक पॉलिश गाळून पितात म्हणे, म्हणून पॉलिशवाल्यांवर सगळ्यांचा डोळा. आमचा डबा ट्रंकेत कुलपात असायचा. एक हवालदार मधूनच यायचा, डबा उघडायला लावायचा, नाक आत घालायचा आणि बराच वेळ बाहेर काढायचा नाही. तो गेल्यावर मी तो हवालदार करून दाखवायचो. आई हसून हसून म्हणायची, “पुरे रे मेल्या, भाकरी करपेल.” बाबांनी आयुष्यात थेंब तोंडाला लावला नव्हता. त्यांना खोकल्याच्या औषधाने पण झोप यायची.

हे सगळं आधी सांगून टाकलं, कारण पुढे लागणार आहे.

त्या वर्षी पाऊस उघडीला आला तेव्हा गावातल्या एका वकिलीणबाईंनी बाबांना बोलावलं. वकील आदल्या वर्षी गेलेले. त्यांचं मोठं सागवानी टेबल होतं, त्यावर चहाच्या कपांची पांढरी कडी उठलेली, कडा झिजून लाकूड उघडं पडलेलं. मुलगाही वकील. तो म्हणत होता, सरळ खरवडून घेऊ, आरशासारखं करू. बाई म्हणाल्या, “आरसा हवा तर आरसा आण. मला माझं टेबल ओळखू आलं पाहिजे.” शेवटी ठरलं असं, की दसऱ्याला टेबलावर कायद्याच्या पुस्तकांची पूजा मांडायची, तोपर्यंत बाबांनी त्यांच्या पद्धतीने करावं. नाही जमलं तर मुलाचा माणूस येऊन खरवडेल. बाबांनी हे घरी येऊन सांगितलं तेव्हा ते लढाईला निघाल्यासारखे दिसत होते.

तिसऱ्या-चौथ्या दिवशी दुपारी टांगा दारात थांबला. मी ओटीवर होतो. मॅट्रिक झालेलो, नोकरी शोधतोय असं सांगत घरी बसलेलो. टांग्यातून वकिलांच्या गड्याने बाबांना उतरवलं. तोंड एका बाजूला ओढलेलं, आणि ते काहीतरी म्हणत होते ते नुसतं गरगरत बाहेर येत होतं. मला पहिल्यांदा काय वाटलं सांगू? मला वाटलं बाबा कुणाची तरी नक्कल करतायत. मी हसलो पण. कोण ते ओळखायचा प्रयत्न करत होतो.

मग त्यांचा उजवा हात टांग्याच्या दांडीवरून नुसता घसरला आणि मला कळलं.

शेजारपाजारचे गोळा झाले. बाबांच्या सदऱ्याला स्पिरिटचा वास येत होता. तो रोजच यायचा, पण त्या दिवशी सगळ्यांना तो नव्याने आला. मागून कुणीतरी हळूच म्हणालं, “शेवटी प्यायले वाटतं.” आईने ते ऐकलं. तिने मागे वळून पाहिलं नाही, बाबांचं धोतर सारखं केलं आणि मला म्हणाली, “पाय धर. उचल.” डॉक्टर आले. त्यांनीही आधी बाबांचं तोंड हुंगलं आणि मग नाडी धरली. हुंगून झाल्यावर त्यांच्या चेहऱ्यावर जरा लाज आलेली. अर्धांगवायू, म्हणाले. उजवी बाजू गेली. वाचा पण गेली. येईल का, आईने विचारलं. काहींची येते, म्हणाले.

या ‘काहींची’वर आईने सगळं ठेवलं. दुसऱ्या दिवशी देवीपुढे दिवा लावला आणि भात सोडला. हे बोलेपर्यंत भाताचं शीत तोंडात घालणार नाही. आमची माणसं कोकणातली, आम्हाला भाताशिवाय जेवल्यासारखंच वाटत नाही. आई तर अशी, की पोळीबिळी झाली की शेवटी चिमूटभर तरी भात लागायचा, त्याशिवाय तिचं ताट उठायचं नाही. शेजारच्या काकू म्हणाल्या, “अगं, दुसरं काहीतरी सोड. चहा सोड, वांगं सोड.” आई म्हणाली, “वांगं मला आवडतच नाही. देवीला काय कळत नाही का?”

बाबा पडवीत खाटेवर पडलेले असायचे. तोंडातून फक्त एक आवाज निघायचा, अ आणि ऑ यांच्या मधला. तहान लागली तरी तोच, माशी बसली तरी तोच. आई भाकरी खायची आणि तो आवाज आला की घास तसाच धरून कान द्यायची, की आता त्याचा शब्द होतोय का.

मग एके सकाळी हातगाडीवरून टेबल आलं. सोबत वकिलीणबाई स्वतः. बाबांच्या खाटेपाशी उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, “तुम्ही हात लावलाय, आता दुसऱ्याचा नको. तुमच्या डोळ्यांसमोर राहू दे.” मग माझ्याकडे वळून, “तू करशील ना रे? दसरा आलाय.”

मी म्हणालो, “हो.” आजपर्यंत मी डबे उचललेले, बोळे बांधलेले, फडकी धुतलेली. बोळा फिरवला होता तो एका मोडक्या स्टुलावर. पण बाबांनी डावा हात वर केलेला आणि टेबलाकडे बोट दाखवत होते, आणि त्यांचा तो एकुलता एक आवाज पहिल्यांदाच जरा जोरात निघाला.

टेबल पडवीत खाटेला लागून ठेवलं. पुसून, टर्पेंटाइन मारून बाबांनी आधीच ठेवलेलं. मी बोळा हातात घेतला आणि डोकं एकदम कोरं. किती ओला? कुठून सुरू? जोर किती? आठवायला गेलो तर काही आठवेना. मग मी जे मला येत होतं ते केलं. खांदे पाडले, नाक वर ओढलं, आणि म्हणालो, “हं. बोळा आधी आपल्या गालाला लावून बघायचा महाराज. गार लागला पाहिजे, ओला नाही.”

हे मला माहीत आहे हे मला माहीत नव्हतं. आवाजाला माहीत होतं. मी गालाला बोळा लावला. पुढचं वाक्य आपोआप आलं. “हं. कडेकडून आत नाही, आतून कडेला.” आवाज बाबांचा काढला की मनगटसुद्धा बाबांचं व्हायचं. मी पहिला इंग्रजी आठ काढला आणि तो घरी परत आला. बाबा खाटेवरून बघत होते. त्यांचं जे अर्धं तोंड हलत होतं ते हसलं. मी चेकाळलो, जरा मोठ्याने म्हणालो, “हं! खरवडायला काय लागतं महाराज? उंदीर पण...”

आत काहीतरी आपटलं. आई धावत बाहेर आली. ती आत भात वेळून पेज काढत होती, माझ्यासाठी नि बाबांसाठी. हात ओले, पदर खोचलेला. “बोललात? अहो, बोललात? काय म्हणालात, परत म्हणा ना...” ती हसत होती आणि तिच्या खालच्या ओठाला भाताचं एक शीत चिकटलेलं होतं. आवाज ऐकल्याऐकल्या तिथेच, चुलीपाशीच, तिने नवस फेडून टाकलेला. माझ्याकडे तिचं लक्षच नव्हतं. ती बाबांच्या तोंडाकडे बघत होती. बाबांनी तोंड उघडलं आणि त्यातून तेच आलं, अ आणि ऑ यांच्या मधलं.

मग तिने माझ्याकडे बघितलं. माझे खांदे अजून पडलेलेच होते.

“तू होतास होय,” म्हणाली. पदराने ओठ पुसला आणि आत गेली. मोरीवर चूळ भरल्याचा आवाज आला. एकदा, परत एकदा, आणि मग बराच वेळ येतच राहिला.

संध्याकाळी दिवा लावून झाल्यावर ती माझ्याजवळ बसली. रागावली वगैरे नव्हती. म्हणाली, “बाहेर कुणाच्या पण नकला कर रे बाळा. घरात यांची नको करूस. मला फसायला होतं.”

मी म्हणालो, नाही करणार.

तर पुढचे दोनेक दिवस मी गपचूप काम केलं. आणि काय सांगू, हातच चालेना. तोंड बंद ठेवलं की मनगट माझं मॅट्रिकवालं. एकदा बोळा कोरडा, एकदा नको तितका ओला. बाबा खाटेवरून डाव्या हाताने हवेत काहीतरी करायचे. हळू? जोरात? थांब? मला उलगडायचं नाही. कळलं नाही की ते डोळे मिटून घ्यायचे, आणि ते मला शिव्या खाण्यापेक्षा जड जायचं. मग व्हायचं ते झालं. कपाच्या एका कड्याशी मी विचार करायला म्हणून क्षणभर थांबलो, बोळा चिकटला, आणि मी तो ओढला. जुन्या पॉलिशची तळहाताएवढी साल बोळ्याबरोबर उठून आली. खाली कोरडं, फिकट लाकूड.

बाबांनी खाटेच्या दांडीवर हात आपटायला सुरुवात केली. आपटतच राहिले. तोंडातून तो आवाज, डोळ्यांतून पाणी. मी म्हणत होतो, “बाबा, करतो मी, करतो नीट,” आणि काय करायचं ते मला अजिबात ठाऊक नव्हतं. मनात येत होतं, संपलं, आता तो माणूस येणार आणि सगळंच खरवडणार.

आई दारात आलेली. तिने टेबलाकडे पाहिलं, बाबांचा हात धरला, तो थांबेपर्यंत धरून ठेवला. मग मला म्हणाली, “बोल.”

“काय बोलू?”

“तेच. त्यांच्या आवाजात.”

“अगं, तूच म्हणालीस ना...”

“मी आत असते तेव्हा फसायला होतं. आता इथे बसते. तू बोलतोयस हे दिसलं की झालं.” आणि ती उंबऱ्यावर, माझ्या तोंडासमोर, मांडीवर निवडायचे तांदूळ घेऊन बसली. “हं, कर सुरू.”

मी सुरू करेना. तिच्यासमोर नाक वर ओढायला लाज वाटत होती. मग बाबांकडे बघितलं. ते वाट बघत होते. अगदी कट्ट्यावरच्या पोरांसारखे.

“हं,” मी म्हणालो. “साल काढलीस महाराज. सीताफळ आहे का ते?”

बाबांच्या घशात काहीतरी खदखदलं. आई खाली मान घालून खडे शोधत होती, तिचे खांदे हलले. हसत होती की काय ते मला दिसलं नाही.

“हं. आता घाबरायचं नाही. आजूबाजूची लाख सैल करायची. बोळ्यात पॉलिश नको, नुसतं स्पिरिट, तेही नावाला. नि विमान उतरतं तसा बोळा उतरवायचा, नि न थांबता परत वर.” मी तसं केलं. बाबांनी भुवई उचलली, म्हणजे चुकलं. मी आणखी हलकं केलं. भुवई खाली. असं आमचं जमलं. बोलायचं मी, बरोबर की चूक ते त्यांनी सांगायचं. हळूहळू त्या फिकट डागाच्या कडा मऊ झाल्या, आजूबाजूचं जुनं पॉलिश त्याच्यावर सरकून आलं. उरलेल्या जागी हिरमुजी, म्हणजे तो तांबडा रंग, चिमूटभर पातळ पॉलिशमध्ये कालवून बारीक ब्रशने टेकवला. मग आठ. रोज थोडे आठ. सुकू द्यायचं, परत आठ. मध्येच मी ‘खरवडायला’ म्हणालो, तर बाबांनी डाव्या हाताचं बोट आपल्या घशावर ठेवलं. ‘ख’! अजून चुकतच होता माझा. मी घशातून काढला. बोट खाली आलं.

त्या दिवसांत आमच्या पडवीत इतकी बडबड चालायची की शेजारच्या काकू डोकावून गेल्या, कोण पाहुणे आलेत ते बघायला. मी बाबा होऊन स्वतःलाच झापायचो, मग मी होऊन बाबांना उलटं बोलायचो, मग बाबा होऊन डोक्यावर हात मारून घ्यायचो. बाबा हसले की लाळ गळायची आणि आई पुसायची. मला तेव्हा वाटायचं, हे असंच चालू राहिलं तर त्यांची वाचा चिडून परत येईल. म्हणेल, बस कर, माझं मी बोलते.

आली नाही.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी वकिलीणबाई आणि त्यांचा मुलगा टेबल न्यायला आले. बाईंनी पृष्ठभागावर तळहात फिरवला, कडेपर्यंत नेला, परत आणला. कपांची कडी गेलेली. एक अगदी अंधूक राहिलेलं, ते बाबांनी मला भुवई उचलून राहू द्यायला लावलेलं, पुढे घासलं असतं तर लाकूड लागलं असतं. बाई म्हणाल्या, “आहे. माझंच आहे.” मुलगा वाकून उजेडात बघत म्हणाला, “आरसा नाही झाला, पण छान झालंय.” मग बाबांना वाकून नमस्कार केला त्याने. बाबांनी डावा हात वर केला, आणि लगेच खाली घेऊन उजवा वर करायचा प्रयत्न केला. तो काही आला नाही.

गाडी गेली. पडवी एकदम मोठी वाटायला लागली. जेवायची वेळ झालेली. आईने बाबांना उशी लावून बसवलं, मऊ भात कालवून ताट त्यांच्या मांडीवरच्या पाटावर ठेवलं. घास भरवायची ती. डाव्या हाताने ती त्यांना जेवू द्यायची नाही आणि तेही जेवायचे नाहीत, एवढा एक मान त्या घरात शिल्लक होता. मी भिंतीशी माझं ताट घेऊन बसलो. आईचं ताट बाजूला होतं. भाकरी आणि भाजी.

दोन-तीन घास झाल्यावर बाबांनी तोंड मिटलं. आई म्हणाली, “घ्या ना अहो, झालाच आता.” त्यांनी मान फिरवली आणि तिच्या भाकरीकडे बघितलं. नवसाचं त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. सांगायला कशाला लागतंय? इतकी वर्षं समोर बसून जेवलेली माणसं. त्यांनी डाव्या हाताने आपल्या ताटातला भात गोळा केला, त्याचा घास झाला, तो उचलून आईच्या तोंडाकडे नेला. आणि मध्येच थांबले. हात डावा होता. थोडा वेळ तो तसाच अधांतरी राहिला. मग त्यांनी तो घास परत ताटात ठेवला, बोटं चादरीला पुसली, आणि माझ्याकडे बघितलं.

मी समजलो. नको असताना समजलो. तिने भात सोडला होता तो त्यांच्या बोलण्यासाठी. ते तिला सांगायला निघाले होते की आता त्याची वाट बघू नकोस. म्हणजे त्यांना कळून चुकलेलं. आणि ते तिला सांगायला त्यांना आवाज हवा होता, तो माझ्याकडे होता.

मी नाक वर ओढलं. ‘हं’पर्यंत आलो आणि अडकलो. कारण बाबा आईशी त्या आवाजात बोलायचेच नाहीत. तिला ते कधी महाराज म्हणायचे नाहीत. तिच्याशी बोलायचा आवाज वेगळा होता, खालचा, नाकातून न येणारा. “अगं, दिवा लावलास का.” “अगं, बस जरा.” त्यात हसण्यासारखं काही नव्हतं, म्हणून मी तो कधी उचललाच नव्हता. कट्ट्यावर त्याला कुणी विचारलं नसतं. मी तो लहानपणापासून ऐकलेला, पण भिंतीच्या पलीकडून, झोपेत असताना, अर्धवट. तिथे जाऊन तो शोधायला लागला.

“हं,” मी म्हणालो. “अगं... भात घे.”

नक्कल चांगली झाली नाही. मध्येच माझा आवाज फाटला. कट्ट्यावर मला हाकलून दिलं असतं. आई माझ्याकडे बघत होती, सरळ माझ्या तोंडाकडे, म्हणजे कोण बोलतंय ते तिला दिसत होतं. फसण्यासारखं काही नव्हतं. मग तिने बाबांकडे बघितलं. बाबांनी डोळे मिटले आणि उघडले.

आईने त्यांच्या ताटात हात घातला. त्यांनी केलेला तोच घास उचलला आणि तोंडात घातला. चावत राहिली, गिळेना. मग गिळला.

“गार झालाय,” म्हणाली. आणि दुसरा घेतला.

दिवाळी यायच्या आधी बाबा गेले, सकाळच्या वेळी, आई त्यांचं तोंड पुसत असताना. ती मला हाक मारायला आली नाही. पुसून पूर्ण केलं आणि मग बाहेर आली.

आता परमिट माझ्या नावावर आहे. कल्याणात, डोंबिवलीला, कधी ठाण्यापर्यंतसुद्धा जातो. लोक म्हणतात, खरवडून दे. मी नाही म्हणतो. गिऱ्हाईकाच्या घरी एकटा काम करत असलो की तोंड चालू होतं, त्याशिवाय अजून हात चालत नाही. परवा एका घरातून आतल्या बाईंनी विचारलं, “तुमच्याबरोबर कुणी वयस्कर आलेत का? चहा दोन टाकू?” मी म्हणालो, “नको, एकच.” कट्ट्यावर पोरं अजून बसतात. मधूनच कुणीतरी नवा म्हणतो, बाबा कर ना. जुने त्याला कोपराने ढोसतात. मी गिरणीचा पट्टा करतो, तो हिट आहे.

घरी आई आता भात खाते. बऱ्याचदा आपला आपण खाते. पण एखाद्या दिवशी मी बाहेरच्या खोलीत असतो आणि आत तिचं ताट वाढून झालेलं असतं, पाणी घेऊन झालेलं असतं, आणि पुढे काहीच वाजत नाही. बराच वेळ वाजत नाही. मी उठत नाही. खांदे जरा खाली सोडतो, आणि नाकातून नाही, त्या दुसऱ्या, खालच्या आवाजात, नुसता एक ‘हं’ म्हणतो.

आत ताट सरकल्याचा आवाज येतो.